यश आणि जय

लहानपणी पाहिलेल्या चित्रपटाची कथा आपण पुढे आयुष्यभर इतरांना सांगत असतो, आणि सांगता सांगता ती केव्हा बदलली हे आपल्या ध्यानातही येत नाही. जॉन ॲव्हिल्डसेन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'रॉकी' (१९७६) या अमेरिकी चित्रपटाच्या बाबतीत माझे असेच झाले. तो मी प्रथम पाहिला इंदूरला, नववीत असताना. रविवारी सकाळी कमी दरात इंग्रजी चित्रपट दाखवले जात. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सारे दादा म्हणतो, मला बरोबर घेऊन गेला होता. संवाद मला फारसे कळले नाहीत. कळला तो पहाटेच्या अंधारात एकटा धावणारा एक माणूस, त्याने घटाघट प्यालेली कच्ची अंडी, आणि शेवटची ती रक्तबंबाळ झुंज. पुढे प्राध्यापकीच्या काळात महाकाव्यातील नायकाविषयी बोलताना मी विद्यार्थ्यांना हा दाखला अनेकदा दिला : कोणीही न विचारणाऱ्या एका गरीब मुष्टियोद्ध्याला जगज्जेत्याशी लढण्याची संधी मिळते, आणि तो जिंकतो.

निवृत्तीनंतर एकदा दादाच्या घरी त्याच्या नातवाला मी हीच कथा सांगत होतो. दादा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "अरे, तो हरतो." मी वाद घातला. तेव्हा तो म्हणाला, "शेवटी जाहीर करतात की. तू ऐकलं नव्हतंस?" त्याच रात्री मी चित्रपट पुन्हा पाहिला. दादाचे म्हणणे खरे होते. पंधरा फेऱ्यांच्या अखेरीस तिघा पंचांपैकी दोघांचा कौल जगज्जेत्या अपोलो क्रीडच्या बाजूने पडतो आणि रॉकी बाल्बोआ हरतो.

माझी स्मृती चुकली कशी, याची काही कारणे सांगता येतील. निकाल जाहीर होत असताना पडद्यावर गर्दी आहे, संगीत चढत चालले आहे, पत्रकार प्रश्न विचारीत आहेत; आणि रॉकीचे त्यांपैकी कशाकडेच लक्ष नाही. सुजलेल्या डोळ्यांनी तो एड्रियनला, आपल्या प्रेयसीला, हाका मारतो आहे. ती गर्दीतून वाट काढीत येते, दोघे एकमेकांना मिठी मारतात आणि चित्र तिथेच थांबते. इंग्रजी न कळणाऱ्या मुलाने याला विजय समजावे यात नवल नाही. शिवाय १९७९ साली या कथेचा दुसरा भाग आला. त्यात रॉकी खरोखरच जिंकतो, आणि पुढे केव्हातरी तोही मी पाहिला होता. दोन चित्रपटांचे शेवट माझ्या मनात एकमेकांत मिसळले असावेत. पण ही कारणे पुरेशी नाहीत. ज्या माणसाविषयी मला इतका आदर वाटला तो हरलेला असू शकेल, हे माझ्या मनाला मान्यच नव्हते, हे खरे कारण आहे. हरणाऱ्याचा मनापासून आदर करण्याची सवय आपल्याला कोणी लावीत नाही. म्हणून स्मृतीने निकाल बदलला आणि आदर शाबूत ठेवला.

या चुकीतूनच एक प्रश्न उभा राहतो. पराभव आणि अपयश या दोन गोष्टी एकच आहेत का? आणि त्या एक नसतील, तर माणसाच्या प्रयत्नाचे मोल ठरवणारा पंच कोण?

या प्रश्नाचे चित्रपटातील उत्तर झुंजीत सापडत नाही. ते आदल्या रात्रीच्या एका लहानशा प्रसंगात आहे. झोप येत नाही म्हणून रॉकी रिकाम्या क्रीडागृहात जातो. तिथे त्याचे प्रचंड चित्र टांगले आहे. चित्रातील त्याच्या चड्डीचे रंग चुकले आहेत. पांढऱ्यावर तांबडा पट्टा हवा तिथे तांबड्यावर पांढरा पट्टा रंगवला आहे. सामन्याचा आयोजक तिथेच भेटतो. रॉकी ही चूक त्याच्या नजरेस आणून देतो, तेव्हा त्याने काही बिघडत नाही, अशा अर्थाचे काहीसे तो बोलतो आणि विषय संपवतो. आयोजकाला उद्याच्या खेळात एक माणूस उभा करायचा आहे. तो माणूस कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. घरी परतून रॉकी एड्रियनच्या शेजारी आडवा होतो आणि सांगतो की आपण त्याला हरवू शकणार नाही. हरलो तरी चालेल, डोके फुटले तरी चालेल. पण क्रीडसमोर आजवर कोणी अखेरपर्यंत टिकलेले नाही. शेवटची घंटा वाजेल तेव्हा आपण उभे असलो, तर आपण गल्लीतला आणखी एक फुकट गेलेला माणूस नव्हतो, हे आपले आपल्याला कळेल. नववीत हा प्रसंग मला कंटाळवाणा वाटला असणार, कारण तो मला अजिबात आठवत नव्हता. आज मला वाटते, चित्रपट तिथेच पूर्ण होतो. पुढची झुंज ही त्या शब्दाची पूर्तता आहे.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. जे मिळणार नाही ते आपल्याला नकोच होते असे म्हणणे, म्हणजे कोल्ह्याची आंबट द्राक्षे. आपल्या ऐपतीप्रमाणे ध्येय खाली आणायचे आणि ते गाठल्याचा आनंद मानायचा, यात कसले आले मोठेपण? आक्षेप गंभीर आहे, आणि बहुतेक समाधानी माणसांना तो लागूही पडतो. पण कोल्ह्यात आणि रॉकीत दोन फरक आहेत. कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणतो ते उडी हुकल्यावर; रॉकी आपले माप ठरवतो ते झुंजीच्या आधी, निकाल हाती नसताना. आणि कोल्ह्याचे नवे मत त्याला काहीच खर्चात पाडीत नाही. रॉकीचे माप त्याच्याकडून पंधरा फेऱ्यांची किंमत वसूल करते. आधी ठरवलेले आणि महाग पडणारे, या दोन कसोट्यांना जे माप उतरते ते स्वतःचे असूनही खोटे नसते. नंतर सुचलेले आणि स्वस्त, ते बहुधा सबब असते.

प्राचीनांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. स्टोइक मताचे विवेचन करताना सिसेरोने तिरंदाजाचा दृष्टांत दिला आहे. नेम नीट साधण्यासाठी जे जे करता येईल ते सर्व करणे हे तिरंदाजाच्या हाती. बाण लक्ष्यावर बसणे त्याच्या हाती नाही. म्हणून त्याचे खरे साध्य पहिले, दुसरे नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात लाभ-हानी आणि जय-पराजय समान मानून युद्धाला उभे राहण्याचा उपदेश आहे आणि फळावरचा अधिकार सोडण्याचाही. तरीही रॉकीला निष्काम कर्मयोगी म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्याने फळ सोडलेले नाही. फळ कोणते, हे ठरवण्याचा आयोजकाचा आणि पंचांचा अधिकार तेवढा त्याने काढून घेतला आहे. सामान्य माणसाला फलत्याग झेपत नाही. मात्र आपल्या कर्माचे फळ कोणते हे आपणच प्रामाणिकपणे ठरवावे, इतके त्याला झेपू शकते. संतांची वाट आणि संसारी माणसाची वाट यांच्या मधली ही एक पायवाट आहे.

या ठिकाणी आपल्या भाषेकडेही पाहावेसे वाटते. संस्कृतात 'यश' या शब्दाचा अर्थ कीर्ती, गौरव. आणि 'अपयश' म्हणजे दुष्कीर्ती. 'जय' हा शब्द निराळा. जय रणात मिळतो, यश लोकांच्या मनात. आजच्या मराठीत मात्र आपण परीक्षेत, धंद्यात, निवडणुकीत 'यश मिळाले' म्हणतो तेव्हा आपल्याला जयच अभिप्रेत असतो. उलट, एखादा प्रयत्न फसला तर त्याला आपण 'अपयश' म्हणतो, आणि त्या शब्दाच्या पोटात दडलेली जुनी दुष्कीर्ती नकळत त्या माणसाला चिकटवून देतो. न जिंकणे हा काही कलंक नव्हे. पण आपल्या शब्दाने तो कलंक झाला आहे. जुन्या अर्थाने बोलायचे तर रॉकीला जय मिळाला नाही, यश मिळाले.

काव्यशास्त्रानेही हा भेद पाळलेला आहे. भरताने वीररसाचा स्थायिभाव सांगितला तो उत्साह, जय नव्हे. म्हणजे नायक जिंकला की नाही यावर रसाची निष्पत्ती अवलंबून नाही. त्याचे मन खचले की नाही यावर आहे. भासाच्या 'ऊरुभंग' या नाटकात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन सूडासाठी पेटलेल्यांना शांत करू पाहतो, तेव्हा रणात हरलेला तो पुरुष प्रेक्षकांच्या नजरेत उंच होत जातो. मी हे नाटक वर्षानुवर्षे शिकवले. तरीही ज्या चित्रपटात तेच घडत होते तिथे मी खुशाल एक विजय घालून मोकळा झालो.

पुनर्भेटीत मला आणखी काही दिसले. लहानपणी ज्यांच्या वेळी मी चुळबुळ केली असेल ते प्रसंग आता चित्रपटाचा गाभा वाटतात. मिकी हा सत्तरी ओलांडलेला शिक्षक. वर्षानुवर्षे त्याने रॉकीला तुच्छ लेखले, तालीमखान्यातील त्याची कपाटाची जागा काढून दुसऱ्याला दिली. रॉकीला संधी मिळाल्याचे कळताच हा म्हातारा त्याच्या कोंदट खोलीत येतो आणि आपल्याला शिक्षक म्हणून घे अशी विनवणी करतो. रॉकी त्याला जाऊ देतो, आणि तो जिना उतरल्यावर मागे ओरडत राहतो; दहा वर्षांपूर्वी कुठे होतास, हा त्याच्या संतापाचा आशय. मग तो धावत रस्त्यावर जातो. कॅमेरा दूर आहे, बोलणे ऐकू येत नाही. रॉकी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि दोघे हात मिळवतात, एवढेच दिसते. क्षमा कशी दिसते हे इतक्या थोडक्यात मी क्वचितच पाहिले आहे. तसाच तो बर्फाच्या रिंगणातला प्रसंग. रिंगण बंद झाले आहे. रखवालदाराला दहा डॉलर देऊन रॉकी दहा मिनिटे विकत घेतो. एड्रियन बर्फावर अडखळत घसरते आणि हा साध्या बुटांनी तिच्या बाजूने चालत बोलत राहतो. ज्यांना कोणी मोजत नाही अशी दोन माणसे एकमेकांना मोजू लागतात, आणि झुंजीच्या शेवटी निकालाऐवजी त्याच्या तोंडी तिचेच नाव का येते, याचे कारण इथे मिळते.

वय वाढल्यावर एखादी कृती अधिक आवडते तशी ती अधिक खटकतेही. क्रीडच्या व्यक्तिरेखेवर मुहम्मद अलीची छाया उघड आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचा मुहूर्त साधून क्रीड जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेशात रिंगणात येतो आणि एका गोऱ्या अनामिकाला 'संधी' देतो. प्रत्यक्ष इतिहासात व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरती नाकारल्यामुळे अलीचे विजेतेपद १९६७ साली काढून घेण्यात आले होते, आणि त्याची शिक्षा १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. व्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला माणूस तो होता. चित्रपटात मात्र व्यवस्था त्याच्या प्रतिमेच्या पदरी जाते आणि सहानुभूती दुसऱ्याच्या.

जो फ्रेझिअरची गोष्ट तर अधिक बोचणारी आहे. फिलाडेल्फियाचा हा मुष्टियोद्धा तरुणपणी खाटीकखान्यात काम करी, आणि तिथल्या टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करीत असल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. चित्रपटात रॉकी हेच करतो. झुंजीपूर्वी फ्रेझिअर स्वतः क्षणभर रिंगणात येऊन अभिवादन स्वीकारतो आणि कथेतून निघून जातो. चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागासाठी (१९८२) रॉकीचा हात उंचावलेला ब्राँझचा पुतळा घडवण्यात आला. बऱ्याच वादानंतर तो २००६ साली फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या, चित्रपटाने प्रसिद्ध केलेल्या पायऱ्यांच्या पायथ्याशी पुन्हा बसवण्यात आला. फ्रेझिअर २०११ मध्ये गेला. त्याच्या शहरात त्याचा पुतळा उभा राहिला तो २०१५ मध्ये. म्हणजे पंचांच्या निकालावर मात करणारी ही कथा स्वतःही एक निकाल देऊन जाते, आणि त्या निकालात काहींचा घाम दुसऱ्याच्या नावे जमा होतो. चित्रपटावरचे माझे प्रेम यामुळे कमी झाले नाही; ते आता निरागस राहिलेले नाही, इतकेच.

फ्रेझिअरच्या आठवणीने मूळ प्रश्नाला आणखी एक फाटा फुटतो. या चित्रपटाची प्रेरणा २४ मार्च १९७५ रोजी झालेल्या अली आणि चक वेपनर यांच्या लढतीत आहे. फारसे नाव नसलेला वेपनर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला आणि लढत संपायला अवघे १९ सेकंद उरले असताना पंचाने ती थांबवली. सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ती लढत पाहून कथा लिहिली, आणि आपल्या नायकाला वेपनरचे ते हुकलेले सेकंद तेवढे दिले. विजेतेपद दिले नाही. हा संयम मला मोठा वाटतो. पण त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मनिला येथे अली आणि फ्रेझिअर यांची तिसरी झुंज झाली. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझिअरला डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासे झाले होते. त्याला पुढे लढायचे होते. त्याचा शिक्षक एडी फच याने त्याला खाली बसवले आणि लढत सोडून दिली. तू आज इथे जे केलेस ते कोणी विसरणार नाही, असा दिलासाही दिला. फ्रेझिअरला शेवटची घंटा ऐकायला मिळाली नाही.

चित्रपटात रॉकी आपल्या मिकीला लढत थांबवू देत नाही, आणि नववीत मला ते शौर्य वाटले होते. आज विचारावेसे वाटते : फ्रेझिअर रॉकीपेक्षा कमी ठरला का? आणि फच? आपल्या शिष्याचा पराभव आपल्या तोंडाने जाहीर करणारा हा शिक्षक कोणत्या मापाने मोजायचा? टिकून राहणे हीच एकमेव प्रतिष्ठा मानली, तर पंचांच्या जागी आपण दुसरी एक निर्दय मूर्ती बसवली असे होईल. विजयाची पूजा सोडून सहनशक्तीची पूजा सुरू करण्यात फारसा लाभ नाही. माप स्वतःचे असावे याचा अर्थ ते नेहमी 'अखेरपर्यंत' असेच असावे असा नाही. कुठे थांबायचे हे आधी ठरवून तिथे थांबणे, किंवा आपल्या जिवाची काळजी असलेल्या माणसाचे ऐकून थांबणे, हेही त्या मापात बसू शकते.

हे सारे लिहिताना माझ्यासमोर दादा आहे. आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हा एका सरकारी सेवेच्या स्पर्धापरीक्षेत तो दोनदा अनुत्तीर्ण झाला होता. तिसऱ्या वेळी बसण्यापूर्वी त्याने अण्णांना, आमच्या वडिलांना, सांगितले होते की ही शेवटची खेप. नाही जमले तर मिळेल ती नोकरी धरीन, घराला आता पैशांची गरज आहे. त्या वर्षी त्याने जो अभ्यास केला तो मी जवळून पाहिला आहे. एकाच खोलीत आम्ही झोपत असू, आणि त्याचा दिवा विझलेला मी फारसा पाहिला नाही. निकाल लागला, नाव नव्हते. वयाच्या अटीत अजून एक संधी उरली होती. ती त्याने घेतली नाही. एका कचेरीत तो लेखनिक म्हणून लागला, तिथूनच निवृत्त झाला, आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवत राहिला. आणखी एकदा बसायला काय हरकत होती, असे अण्णा बरीच वर्षे म्हणत. आणि मी, सोळा वर्षांचा, रॉकीच्या नशेतला, एका भांडणात त्याला म्हणालो होतो, "तू हात टेकलेस."

मला तेव्हा दिसले नव्हते ते हे की दादाने आपले माप परीक्षेच्या आधी ठरवले होते, आणि ते त्याला महाग पडले होते. वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्यांना तो उतरला होता. मी मात्र त्याला गुणपत्रिकेने मोजले, आणि चित्रपटातल्या नायकाला मोजण्यासाठी मनातल्या मनात एक खोटी गुणपत्रिका तयार केली.

चित्रपट पुन्हा पाहिल्यावर मी दादाला विचारले की तो हरतो हे तुला त्या दिवशीच कळले होते का. तो म्हणाला, "कळलं होतं की. त्याला निकाल ऐकायचाच नव्हता. तेवढं मला फार पटलं." मग मी माझे ते जुने वाक्य परत घेतले. असे काही मी बोललो होतो हे त्याला आठवतही नव्हते, असे तो म्हणाला. मला मात्र ते शब्दशः आठवत होते. माझ्या स्मृतीने फिलाडेल्फियातल्या त्या झुंजीचा निकाल बदलला होता. हा एक निकाल मात्र तिने जसाच्या तसा जपून ठेवला होता, आणि तो चुकीचा होता.